दिवा कधी लागतो?

गाडीच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग बदललं की घोंगावणारा आवाज जातो. काही गाड्यांत आवाज जातो आणि मीटरवर एबीएसचा पिवळा दिवा येऊन बसतो. गाडीवाला परत गॅरेजच्या दारात उभा. त्याचं एकच म्हणणं असतं: तुम्ही हात लावायच्या आधी हा दिवा नव्हता. म्हणणं रास्त आहे. पण त्यावर पुढे काय करायचं, याबाबत एकाच गॅरेजातल्या दोन माणसांचं एकमत होईलच असं नाही.

चिपळुणातल्या एका गॅरेजात मी असा वाद ऐकला. गॅरेज काकांचं, हाताखाली त्यांची पुतणी, ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केलेली. वाचणाऱ्याला वाटेल, काका हाताच्या अंदाजावर चालणारे आणि पोरगी यंत्रावर विसंबणारी. होतं उलटं. बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर काकांनी हौसेने घेतलेला आणि त्यावर त्यांचा पुरता विश्वास. पुतणीचा आग्रह असा, की स्कॅनर लावायचाच, पण आधी गाडीवाल्याला चार प्रश्न विचारायचे.

त्यांचं बोलणं कळायला एबीएसचं काम थोडक्यात सांगतो. प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो आणि त्याच्यासमोर चाकाबरोबर फिरणारी एक रिंग. जुन्या पद्धतीत ही रिंग लोखंडी, दातेरी. आताच्या बऱ्याच गाड्यांत ती बेअरिंगच्या सीलमध्येच बसवलेली असते आणि तिच्यावर उत्तर-दक्षिण चुंबकी पट्टे आलटून पालटून असतात. पट्टे समोरून किती झपाट्याने जातात त्यावरून कॉम्प्युटर चाकाचा वेग ओळखतो. जोरात ब्रेक मारल्यावर एखादं चाक बाकीच्यांच्या मानाने एकदम मंदावलं, की ते लॉक होतंय असं समजून तेवढ्या चाकाच्या ब्रेकचं प्रेशर सोडायचं, पुन्हा धरायचं, हे सेकंदात अनेक वेळा चालतं. पायाला पेडलची थरथर जाणवते ती यामुळे. चाक फिरतं राहतं, म्हणून स्टेअरिंग वळवलं तर गाडी वळते. बॉशने बनवलेली ही इलेक्ट्रॉनिक व्यवस्था १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या कारला ती सक्तीची झाली, आणि तेव्हापासून तालुक्याच्या गावातल्या गॅरेजांनाही हा पिवळा दिवा रोजचा झाला.

काका: यात डोकं लावण्यासारखं काय आहे? स्कॅनर लावला, सी ००३५ आला. पुढचं डावं चाक, स्पीड सेन्सर. बेअरिंग आपण कुठलं बदललं? पुढचं डावंच. खोलताना सेन्सर गेला. नवा सांगितलाय, उद्याच्या पार्सलने येतो. बसवला की मोकळे.

पुतणी: कोडचं नाव पूर्ण वाचा ना काका. सेन्सर खराब झालाय असं त्यात कुठे म्हटलंय? डाव्या पुढच्या चाकाच्या वेग-सेन्सरचं सर्किट, एवढंच म्हटलंय. त्यात सेन्सर आला, त्याची वायर आली, कपलर आला. समोरची रिंग तर सर्किटमध्येही नाही, पण ती दिसली नाही तरी कोड हाच पडतो. चाक कुठलं ते कोडने सांगितलं. त्या चाकापाशी काय बिघडलं ते आपणच शोधायचं.

काका: अगं, या खाऱ्या हवेत सेन्सर नकलमध्ये, बेअरिंगच्या त्या घरात, असा धरतो, की अख्खा निघत नाही. बूड हातात येतं आणि टोक आत राहतं. मग ड्रिल मारत बसा. मी सेन्सर म्हणतोय ते हवेत म्हणत नाही.

पुतणी: ते मान्य. पण हा सेन्सर मीच काढलाय. आदल्या संध्याकाळी तेल मारून ठेवलं होतं, सकाळी न तुटता आला. वायरही कुठे खेचली नाही, क्लिपा परत जागेवर लावल्या. आणि मुख्य म्हणजे, गाडीवाल्याला मी विचारलं, दिवा कधी लागतो?

काका: लागतो म्हणजे? लागलेलाच आहे की.

पुतणी: नाही. चावी ऑन केली की एबीएसचा दिवा लागायलाच हवा, दोन-तीन सेकंदांनी विझायला हवा. तेवढ्यात कॉम्प्युटर स्वतःच्या वायरी तपासून घेतो. वायर तुटली असेल, कपलर अर्धवट बसला असेल, तर तो विझतच नाही, गाडी जागची हलायच्या आधीच बोंब मारतो. काही गाड्यांत एकदा कोड पडला की चाक फिरेपर्यंत दिवा तसाच राहतो, म्हणून मी कोड वहीत लिहून घेतला, मग इरेज केला आणि मग चावी फिरवली. दिवा विझला. गाडी रस्त्याला लागून वेग धरल्यावर परत लागला. म्हणजे सेन्सरपर्यंत वीज पोचतेय. चाक फिरतंय ते मात्र त्याला दिसत नाही.

या एका प्रश्नाला पैसे पडत नाहीत, हत्यार लागत नाही, तरी तो फार कमी ठिकाणी विचारला जातो. उभ्या गाडीत दिवा विझत नसेल तर वायर, कपलर, फ्यूज बघायचे. चालत्या गाडीत लागत असेल तर रिंग, बेअरिंग, सेन्सर आणि रिंगमधलं अंतर. ते अंतर साधारण एखाद्या मिलिमीटरचं असतं. सेन्सरच्या बुडाखाली गंजाचा पापुद्रा राहिला तरी तो तेवढाच वर उचलला जातो आणि सिग्नल मरतो. स्टेअरिंग पुरतं मारल्यावरच दिवा लागत असेल तर वायर कुठेतरी ताणली जातेय. मेकॅनिकने न विचारताही गाडीवाल्याने हे सांगावं, म्हणून इथे जरा रेंगाळलो.

काका: वीज पोचत असली तरी सेन्सर आतून अर्धमेला असू शकतो. मीटर लावून बघ ना. ओहम दाखवले तर जिवंत.

पुतणी: तो हिशेब जुन्या, नुसत्या कॉइलच्या सेन्सरचा. त्याला हजार-दोन हजार ओहम मिळायचे आणि चाक हाताने फिरवलं की मीटरवर एसी व्होल्टेज हलायचं. या सेन्सरलाही दोनच वायरी आहेत, म्हणून फसायला होतं. याच्या आत चिप आहे. कॉम्प्युटर त्याला बॅटरीचं व्होल्टेज देतो आणि तो करंट कमी-जास्त करून उत्तर देतो, सात मिलिअँपियर, चौदा मिलिअँपियर, सात, चौदा. ओहमचा आकडा इथे काही सांगत नाही. उलट मीटरचं व्होल्टेज चुकीच्या टोकांवर गेलं तर चिपला धोका. कपलर काढून गाडीच्या बाजूला बारा व्होल्टच्या आसपास येतात का, एवढं बघायचं. मी बघितलं, येतात.

काका: मग खरं-खोटं ठरवणार कशाने?

पुतणी: तुमच्याच स्कॅनरने! पण कोडच्या पानावरून पुढे या. लाइव्ह डेटामध्ये चारही चाकांचे वेग दिसतात. तुम्ही गाडी चालवा, मी आकडे बघते.

दोघांनी ट्रायल मारली. सरळ रस्त्यावर वीसच्या वेगाने जाताना तीन चाकं वीस-एकवीस दाखवत होती, पुढचं डावं शून्यावर. मध्येच त्याला तीन-चारचा झटका यायचा आणि पुन्हा शून्य. परत आल्यावर काकांचा आवाज थोडा खाली आला होता, पण मुद्दा त्यांनी सोडला नव्हता. आणि त्यांनी काढलेला पुढचा मुद्दा ऐकण्यासारखा होता.

काका: शून्य दाखवतंय हे मान्य. पण तू एक गोष्ट धरून चाललीस, की दिवा आपल्या कामानेच लागला. २०२१ च्या पुरात इथल्या किती गाड्या पाण्याखाली गेल्या, तू कॉलेजात होतीस. त्यानंतर माझ्याकडे एक गाडी आली. पुढचे ब्रेक पॅड बदलले, दुसऱ्या दिवशी एबीएसचा दिवा. मी पुढची दोन्ही चाकं खोलून शोधत बसलो, कारण हात तिथेच लावला होता. फॉल्ट निघाला मागच्या चाकाचा, सीटखालच्या कपलरमध्ये. पिना हिरव्या पडलेल्या. माझ्या कामाशी काही संबंध नाही. फॉल्ट शोधायला तेव्हाच मी हा स्कॅनर घेतला. कोड नसता तर आणखी दोन दिवस गेले असते. आणि तू म्हणतेस कोडवर विसंबू नका.

पुतणी: विसंबू नका असं नाही म्हणत. तिथे कोडने तुम्हाला योग्य चाकापाशी नेलं. तिथून पुढे पिना हिरव्या आहेत हे तुम्हीच डोळ्यांनी बघितलंत ना? कोड बघून मागचा सेन्सर बदलला असतात तर दिवा गेला असता का?

काका: काही दिवस गेलाही असता. कपलर काढून घातला की पिना घासतात.

पुतणी: आणि पावसाळ्यात परत लागला असता. मग गाडीवाला म्हणाला असता, नवीन सेन्सरपण डुप्लिकेट दिला.

काका यावर हसले. हे त्यांनी पाहिलेलं असणार. काम झाल्यावर दिवा लागला की दोन मोह होतात. आपला हात शेवटी जिथे होता तिथेच खोलत राहायचं हा एक, आणि पडद्यावर जे नाव आलं तो भाग मागवायचा हा दुसरा. काका पहिल्या मोहाने पोळले आणि दुसऱ्याच्या अधीन झाले. मला पुतणीची बाजू पटते, पण काकांचा अनुभव बाजूला ठेवता येत नाही. दुरुस्तीनंतर लागलेला प्रत्येक दिवा दुरुस्तीचाच असतो असं नाही. बॅटरी काढून लावल्यावर, स्टेपनी वेगळ्या मापाची असल्यावर, एबीएसच्या मोटरचा फ्यूज गेल्यावरही तो लागतो.

मग दुसराच विषय निघाला. गाडीवाल्याचा फोन आला, त्याला संध्याकाळी कराडला जायचं होतं.

काका: देऊन टाकू गाडी. ब्रेक तर नीट लागतो. एबीएस नाही म्हणून ब्रेक नाही असं थोडंच आहे? आमचं आयुष्य बिनएबीएसच्या गाड्यांत गेलं.

पुतणी: तुमचा पाय तसा तयार झालाय काका. चाक घसरतंय वाटलं की तुम्ही पेडल सोडता, परत दाबता. या माणसाने पहिल्यापासून एबीएसची गाडी चालवलीय. त्याला शिकवलंय काय, संकट आलं की पेडल पूर्ण दाबून धर आणि स्टेअरिंग वळव. कुंभार्ली घाटात, पावसात, वळणावर समोर ट्रक आला आणि त्याने तेच केलं, तर पुढची चाकं लॉक होणार. लॉक झालेलं चाक कितीही वळवा, गाडी सरळच जाते. ब्रेक लागेल, पण गाडी त्याचं ऐकणार नाही.

काका: खडीवर तर एबीएसची गाडी लांब जाऊन थांबते.

पुतणी: सुट्या खडीवर जाते, खरंय. घाटातला डांबरी रस्ता ओला असतो तेव्हा नाही. आणि पिवळ्याबरोबर लाल ब्रेकचा दिवाही लागला असता तर मी चावीच दिली नसती. ब्रेक ऑइल कमी असेल नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचं वाटप करणारी यंत्रणाही बंद पडली असेल. ती बंद असताना जोरात ब्रेक मारला तर मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी गरकन फिरते.

काका: लाल नाहीये.

पुतणी: नाहीये. तरी त्यांना सांगा, आज दुसऱ्या गाडीने जा.

काकांनी फोन केला आणि तसंच सांगितलं. चार शब्द ऐकूनही घेतले. गिऱ्हाईक हातचं जाईल ही भीती छोट्या गॅरेजात कायम असते. ती असतानाही हा फोन करणं मला महत्त्वाचं वाटतं. दिवा लागलेली गाडी ‘चालवून बघा, जाईल आपोआप’ म्हणून हातात देणाऱ्याला घाटात पुढे काय होतं ते दिसत नसतं.

गाडी जॅकवर घेतली, खाली घोडी लावली, चाक उतरवलं. पुतणीने दहा नंबरचा बोल्ट काढून सेन्सर बाहेर घेतला. टोक स्वच्छ, खाली गंज नाही. मग तिने सेन्सरच्या भोकात टॉर्च मारला आणि काकांना वाकायला सांगितलं.

पुतणी: काय दिसतं?

काका: बेअरिंगचं सील. चकचकीत पत्रा.

पुतणी: आता हे बघा.

रॅकवर त्याच नंबरचं दुसरं नवं बेअरिंग होतं. तिने ते खोक्यातून काढून टेबलावर ठेवलं. एका बाजूचं सील चकचकीत, पत्र्याचं. दुसऱ्या बाजूला काळपट, रबरासारखी निस्तेज रिंग. तिने स्टेपलरची पिन आधी पत्र्याच्या बाजूला लावली, ती घसरून पडली. काळ्या बाजूला नेली, तर पिन हलकीच चिकटली.

पुतणी: ही चुंबकी बाजू. हिच्यावर चुंबक घासायचा नाही, हातोडी मारायची नाही, लोखंडाचा कीस लागू द्यायचा नाही. आणि बसवताना ही बाजू आतल्या अंगाला, सेन्सरकडे यायला हवी. आपण नकल प्रेसवाल्याकडे पाठवली, त्याने बेअरिंग उलटं दाबलं. चाक फिरतं, आवाज नाही, काही नाही. फक्त सेन्सर कोऱ्या पत्र्याकडे बघत बसलाय.

काका: (बराच वेळ भोकात बघून) मापाला दोन्हीकडून सारखंच बसतं ना हे.

पुतणी: सारखंच. म्हणून तर चुकतं.

जुन्या बेअरिंगला उलटं-सुलटं नसायचं, कुठूनही दाबा. लेथ आणि प्रेसवर वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाचा हात त्याच सवयीने चालतो. बेअरिंग नुसतं चाक फिरवणारं राहिलेलं नाही, ते आता सिग्नलही देतं, ही माहिती गॅरेजपासून प्रेसच्या दुकानापर्यंत पोचलेलीच नाही. दोष शोधायचाच तर तो या मधल्या अंतरात आहे. चुंबकी पट्टे दाखवणारं हिरवट कार्ड मिळतं, बेअरिंगवर ठेवलं की पट्टे उमटतात. तेही नसेल तर स्टेपलरची पिन पुरते. सोबत खोक्यावर खडूने ‘काळी बाजू आत’ एवढं लिहून पाठवलं असतं तरी भागलं असतं.

काका: ठीक. बाहेर काढू, उलटं करून परत दाबू.

पुतणी: हे बेअरिंग परत नाही वापरायचं. काढताना सगळा दाब आतल्या गोळ्यांवरून जातो, गोळ्यांच्या मार्गावर ठसे पडतात. महिन्या-दोन महिन्यांत आवाज सुरू. रॅकवरचं नवं घालायचं.

काका: आणि त्याचे पैसे? प्रेसवाला देणार नाही.

पुतणी: आपण त्याला कुठली बाजू आत ते सांगितलं होतं का? नव्हतं. मग आपण द्यायचे.

काका: तुझं काय जातं म्हणायला! बेअरिंगची किंमत बघितलीस? मजुरीही दुसऱ्यांदा फुकट. आणि सेन्सर सांगून ठेवलाय तो वेगळाच.

पुतणी: तो तरी अजून आला नाहीये, फोन करून थांबवा. एकदा गाडीला लावला असता तर कोणी परत घेतला नसता, इलेक्ट्रिकलचा माल परत घेत नाहीत. तुम्ही तो बसवला असता, त्याचं बिल गाडीवाल्याला लावलं असतं, आणि दिवा तसाच. आपल्या अंदाजाचे पैसे त्याने का भरायचे?

काकांना हे लागलं. इतका वेळ वाद तंत्राचा होता, आता पैशांचा झाला, आणि माझ्या मते खरा वाद हाच होता. भाग बदलून बघण्यात मेकॅनिकचं काही जात नाही, कारण चुकलेल्या अंदाजाचं बिलही गिऱ्हाईकच भरतं. चुकलेला भाग स्वतःच्या खिशातून जाणार असेल तर आधी टॉर्च मारून बघितलं जातं. डिप्लोमा असो की तीस वर्षांचा हात, तपासणी किती नीट होईल हे यावर बरंच ठरतं.

नवं बेअरिंग घेऊन पुतणी स्वतः प्रेसवाल्याकडे गेली आणि काळी बाजू आत जाईपर्यंत उभी राहिली. दुपारी गाडी जोडली. दिवा लगेच विझला नाही. काकांनी तिच्याकडे बघितलं. तिने कोड इरेज केला, दोघं पुन्हा ट्रायलला गेले. वेग घेतल्यावर पुढे पंपाच्या मोटरचा बारीक ‘टक्’ आला, ती एबीएसची चालत्या गाडीतली स्वतःची तपासणी. चारही आकडे बरोबरीने चढले. परत येईपर्यंत दिवा बंद होता. येताना तिने मुद्दाम हळूहळू ब्रेक दाबत गाडी थांबवायला लावली. रिंग तडकलेली असेल किंवा सिग्नल कमजोर असेल तर दिवा लागेलच असं नाही, पण अगदी थांबता थांबता, पाच-सातच्या वेगाला पेडल उगाच गुरगुरतं. तसं काही झालं नाही.

काका: आता माझं ऐक. यापुढे प्रत्येक गाडी आत घेताना चावी ऑन करून मीटरचा फोटो काढायचा. कुठले दिवे लागतात, कुठले विझतात, आणि कुठला मुळातच लागत नाही. जुन्या गाड्या विकणारे काही जण दिव्याची जोडणीच काढून टाकतात, मग चावी ऑन केली तरी एबीएसचा दिवा दिसत नाही. उद्या आपण कपलर साफ केला, दिवा जिवंत झाला, की आपल्यावर आळ.

पुतणी: हे एकदम बरोबर. फोटोबरोबर स्कॅनही करून ठेवू, काम सुरू करायच्या आधी.

काका: आणि पाच-सात पावसाळे खाल्लेली गाडी बेअरिंगला आली तर मी सेन्सर आधीच मागवणार. तो तुटला तर गाडी दोन दिवस घोडीवर राहते, जागा अडते. यात मी तुझं ऐकणार नाही.

पुतणी: मागवा. पण रॅकवर ठेवा. जुना तुटला तरच खोकं फोडायचं, तरच बिलात घ्यायचा, आणि तुटलेला सेन्सर गाडीवाल्याच्या हातात द्यायचा.

काका: आणि नाही तुटला तर पैसे माझे अडकले.

पुतणी: पुढच्या गाडीला लागेल.

काका: त्याच मॉडेलची आली तर!

पुतणी: मग गाडी घेतानाच गिऱ्हाईकाला सांगून टाका, सेन्सर तुटू शकतो, तुटला तर एवढे लागतील. तो हो म्हणाला तर मागवा.

काकांनी मान डोलावली नाही, नाहीही म्हणाले नाहीत. सेन्सरवाल्याला फोन लावून ते पार्सल थांबवा म्हणाले, आणि बिलबुकातल्या त्या गाडीच्या पानावर बेअरिंगपुढचा आकडा खोडून शून्य घातलं.